इंटरनेट आणि टीव्हीचे कनेक्शन घेण्यापूर्वी : सातारा-सांगलीतील घरांसाठी

घरी इंटरनेट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी प्लॅनची किंमत विचारतात, मग वेग विचारतात आणि दुरुस्तीचा विषय वायर तुटल्यानंतर काढतात. सातारा किंवा सांगलीसारख्या शहरांत हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. किमती आणि वेग आता बहुतेक कंपन्यांचे थोड्याफार फरकाने सारखे झाले आहेत. खरा फरक पडतो तो खांबापासून आपल्या भिंतीपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये आणि ती तुटल्यावर जोडायला येणाऱ्या माणसामध्ये. जाहिरात देशभर दिसणाऱ्या कंपनीची असली, तरी शाहूपुरीत किंवा विश्रामबागेत शिडी घेऊन येणारा माणूस अनेकदा स्थानिक केबलचालकाचा किंवा कंत्राटदाराचाच असतो. बीएसएनएलची फायबर सेवासुद्धा अनेक ठिकाणी अशा स्थानिक भागीदारांमार्फत दिली जाते. त्यामुळे एकाच कंपनीची सेवा गोडोलीत उत्तम आणि करंज्यात त्रासदायक असू शकते, आणि पुण्यातल्या भावाचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून चौकशीची सुरुवात आपल्याच गल्लीतून करावी. "तुमचं नेट कसं आहे?" असे विचारले की "बरं आहे" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे : गेल्या पावसाळ्यात सेवा किती वेळा बंद पडली, बंद पडल्यावर किती वेळाने माणूस आला, रविवारी किंवा सणाच्या दिवशी फोन उचलला गेला का, आणि रात्री नऊच्या सुमारास वेग कमी होतो का. रात्रीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण जेवणानंतर सगळी गल्ली एकाच वेळी मोबाईल आणि टीव्ही घेऊन बसते आणि ज्या चालकाने मोठ्या कंपनीकडून कमी क्षमता घेऊन ती जास्त घरांत वाटलेली असते, त्याचे पितळ त्याच वेळी उघडे पडते. अशी चौकशी एकाच नव्हे, तर त्याच खांबावरून कनेक्शन घेतलेल्या दोन-तीन घरांत करावी.

त्यानंतर थोडा वेळ रस्त्यावर उभे राहून तो खांबच पाहावा. फायबरच्या जाळ्यात खांबावर किंवा इमारतीच्या जिन्याखाली एक लहान पेटी असते, जिच्यातून प्रत्येक घराकडे एक बारीक काळी किंवा पांढरी ड्रॉप केबल निघते. पेटीचे झाकण लागलेले असेल, केबलवर ग्राहकाचे नाव किंवा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असेल आणि जादा वायर नीट वेटोळे करून बांधलेली असेल, तर चालक काम जाणतो असे समजायला हरकत नाही. झाकण लोंबकळत असेल, जोड उघड्यावर चिकटपट्टी गुंडाळून केलेले असतील आणि वायरी झाडाच्या फांदीला बांधलेल्या असतील, तर पहिल्या वळवाच्या पावसातच तक्रार करायची वेळ येईल. ही पाहणी पाच मिनिटांची असते, पण माहितीपत्रकातून न कळणारी गोष्ट तिच्यातून कळते.

घरापर्यंत येणारी वायर खरोखर फायबरची आहे का, हेही स्वतंत्रपणे विचारावे. काही चालक चौकापर्यंत फायबर आणतात आणि तिथून पुढे तांब्याची लॅन केबल घराघरांत ओढतात, पण विकताना त्यालाही फायबरच म्हणतात. तांब्याच्या तारेतून वीज वाहते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वळीव गडगडू लागला की जवळपास कोसळलेल्या विजेचा झटका त्या तारेवाटे येऊन राऊटर, आणि कधी त्याला जोडलेला टीव्हीसुद्धा, निकामी होऊ शकतो. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. पर्याय असेल तर घरातील राऊटरच्या यंत्रापर्यंत फायबरच घ्यावी.

आपल्या भागात वायर तुटण्याची कारणेही ठरलेली आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने वरपर्यंत भरलेल्या ट्रॉल्या गावातून जाताना रस्त्यावर आडव्या आलेल्या वायरी ओढून नेतात. गणेशोत्सवात उंच मूर्ती आणि मिरवणुकीचे रथ जावेत म्हणून वायरी उचलाव्या किंवा सोडाव्या लागतात. आणि रस्ता, गटार किंवा जलवाहिनी यांचे काम निघाले की जेसीबीच्या एका फटक्यात सगळा भाग बंद पडतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे यात माकडांची भर पडते. हे टाळणे चालकाच्या हातात पूर्णपणे नसते, पण मुख्य वायर तुटली तर सेवा दुसऱ्या मार्गाने चालू राहण्याची सोय त्याच्याकडे आहे का, आणि फायबर जोडण्याचे स्प्लायसिंग यंत्र त्याचे स्वतःचे आहे की ते दुसऱ्या गावाहून मागवावे लागते, हे प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. यंत्र जवळ असेल तर तुटलेला जोड काही तासांत होतो. बाहेरून यायचे असेल तर दोन दिवस सहज जातात.

सांगलीकरांनी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गावभाग आणि सांगलीवाडीकडे कृष्णेचे पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना सांगायची गरज नाही. पाण्याने फायबर लगेच खराब होत नाही. खराब होतात ती तिला चालवणारी विजेची यंत्रे. चालकाची मुख्य यंत्रे तळमजल्यावर आहेत की वरच्या मजल्यावर, आणि वीज गेल्यावर त्यांना बॅटरी किंवा जनरेटर आहे का, हे विचारून घ्यावे. पूररेषेजवळच्या घरात आपले यंत्रही टीव्हीखालच्या कप्प्यात न ठेवता उंचावर किंवा वरच्या मजल्यावर बसवून घ्यावे. बसवताना सांगितले तर त्याचा वेगळा खर्च सहसा येत नाही.

वेग किती घ्यावा

जाहिरातीतला वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट असा दिलेला असतो, तर फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये मोजतात आणि एका बाईटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाईट उतरतात. हे माहीत नसल्याने आपली फसवणूक झाली असे अनेकांना उगाच वाटते. एचडी चित्रपट पाहायला साधारण ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. आई-वडील, दोन मुले, एक स्मार्ट टीव्ही आणि अधूनमधून घरून ऑफिसचे काम असे चित्र असलेल्या घराला ५० ते १०० एमबीपीएस भरपूर होतात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन विकणारा तुमच्या गरजेचा विचार करून तो विकत नसतो. दोनच ज्येष्ठ राहतात आणि मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे हाच मुख्य उपयोग आहे, अशा घराला ३० एमबीपीएससुद्धा कमी पडणार नाहीत.

अपलोडचा वेग मात्र आवर्जून विचारावा. ऑनलाईन मीटिंग, क्लासचे थेट तास, दुकानातील सीसीटीव्हीचे चित्र मोबाईलवर पाहणे या सगळ्याला आपल्याकडून बाहेर जाणारा वेग लागतो. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात. इतर प्रकारांत अपलोड बराच कमी असू शकतो.

'अनलिमिटेड' या शब्दामागेही मर्यादा असते. अनेक कंपन्यांच्या प्लॅनमध्ये महिन्याला सुमारे ३३०० जीबी वापरानंतर वेग कमी केला जातो. सामान्य कुटुंब तिथपर्यंत पोहोचत नाही, परंतु स्वस्त प्लॅनमध्ये ही मर्यादा खूपच खाली असू शकते. मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती राहतो, हे दोन आकडे लेखी मागावेत. ते सांगणे सेवादात्याचे कर्तव्य आहे.

जिथे वायर पोहोचलेली नाही, तिथे आता ५जीच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारे घरगुती इंटरनेट मिळू शकते. जिओने २०२३ मध्ये एअरफायबर या नावाने ते सुरू केले आणि एअरटेलचीही तशी सेवा आहे. वायर तुटण्याचा प्रश्न इथे उरत नाही, ही जमेची बाजू. पण साताऱ्यात अजिंक्यतारा किंवा यवतेश्वराच्या उताराआड असलेल्या घराला मनोऱ्याचा सिग्नल नीट मिळेलच असे नाही आणि मनोऱ्याची क्षमता परिसरातील सगळ्या मोबाईलधारकांमध्येही वाटली जाते. बसवायला आलेल्या माणसाकडून गच्चीवर सिग्नल मोजून घ्यावा आणि शक्य असेल तर एकाच महिन्याचे पैसे भरून संध्याकाळचा वेग पाहावा. फायबर उपलब्ध असेल, तर मी एअरफायबरकडे वळणार नाही.

घरातील वाय-फाय ही वेगळीच कथा आहे. निम्म्या तक्रारी बाहेरच्या लाइनच्या नसून आतल्या भिंतींच्या असतात. साताऱ्याच्या पेठांमधले किंवा वाईचे जुने वाडे घ्या : हातभर जाडीच्या दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा पलीकडे जवळजवळ पोहोचतच नाही आणि २.४ गिगाहर्ट्झचा पोहोचला तरी त्याचा वेग कमी असतो. नव्या बांधकामात हेच काम मजल्यामधला स्लॅब करतो. वायर जिथून घरात येते तिथेच राऊटर ठोकून मोकळे होण्याकडे बसवणाऱ्याचा कल असतो. त्याला थांबवून यंत्र घराच्या मध्यावर, उघड्या जागी बसवायला सांगावे. वाड्यात किंवा दोन मजली घरात दुसरा राऊटर लॅन केबलने जोडावा लागेल हे गृहीत धरूनच खर्च मोजावा. दोन्ही लहरपट्टे असलेले यंत्र मिळणार आहे ना, हेही आधीच ठरवावे.

वीज गेली की फायबरचे यंत्र बंद पडते. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना आपल्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत. बहुतेक यंत्रे १२ व्होल्टवर चालतात, पण खात्री केल्याशिवाय जोडू नये.

टीव्हीचा निर्णय वेगळा ठेवावा

इंटरनेट आणि टीव्ही एकत्र दिले की स्वस्त पडते, असे विक्रेता सांगतो आणि ते कधी कधी खरेही असते. तरीही आधी दोन्ही निर्णय वेगवेगळे घ्यावेत आणि ते एकाच ठिकाणी जुळत असतील तरच एकत्र घ्यावे. घरात टीव्ही कोण पाहते आणि काय पाहते, यावर सगळे अवलंबून आहे. संध्याकाळच्या मराठी मालिका रिमोटचा एक आकडा दाबून लावणाऱ्या आजींना अ‍ॅपमध्ये शोधायला लावणे म्हणजे घरात रोजचा एक वाद विकत घेणे होय. उलट, तरुण जोडप्याच्या घरात महिना महिना वाहिन्या लागतच नाहीत आणि त्यांचे शुल्क मात्र जात राहते. क्रिकेटच्या शौकिनांनी एवढे लक्षात ठेवावे की इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण डीटीएचच्या काही सेकंद मागे चालते. शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो आणि षटकार नंतर दिसतो.

डीटीएचचा निर्णय घेताना आपल्या तालुक्याचा पाऊस विचारात घ्यावा. डीटीएचच्या लहरी ज्या पट्ट्यात येतात, त्या जोरदार पावसात पाण्याच्या थेंबांमुळे क्षीण होतात आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना येते. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला ही अडचण वर्षातून मोजक्या वेळा येईल. महाबळेश्वर, जावळी किंवा कोयनेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती रोजची होऊ शकते. अशा ठिकाणी थोडी मोठी डिश आणि तिची अचूक दिशा यांनी फरक पडतो, पण त्रास पूर्ण जात नाही. आपल्याकडून पाहता हे उपग्रह दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या बाजूला असतात, म्हणून त्या दिशेचे आकाश मोकळे हवे; आज लहान दिसणारे आंब्याचे झाड तीन-चार वर्षांनी आडवे येणार नाही ना, हे बसवतानाच पाहावे. डीटीएचचा मोठा फायदा म्हणजे घर बदलले की डिश आणि बॉक्स बरोबर नेता येतात. भाड्याने राहणाऱ्या किंवा बदलीची नोकरी असणाऱ्या कुटुंबांनी याला महत्त्व द्यावे. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

केबलचा बॉक्स सहसा त्याच चालकापुरता उपयोगाचा असतो. पण पावसात केबल सहसा टिकते, माणूस ओळखीचा असतो आणि गावच्या गणेश विसर्जनाची मिरवणूक किंवा स्थानिक बातम्या दाखवणारी वाहिनी केबलवरच मिळते. ज्या घरात ती नेमाने पाहिली जाते, तिथे केवळ त्यासाठी केबल ठेवणे मला गैर वाटत नाही.

मुंबईला नोकरी आणि गावी बंद घर, असे पाटण-जावळीतल्या अनेक कुटुंबांचे असते. जत्रा आणि गणपतीपुरते उघडणाऱ्या घरासाठी वर्षभराचे कनेक्शन घेण्यात अर्थ नाही. तिथे मोबाईलचा हॉटस्पॉट आणि प्रसार भारतीची डीडी फ्री डिश पुरते, कारण तिला मासिक शुल्क नाही. डिश आणि बॉक्सचा एकदाच काय तो खर्च. बॉक्स एमपीईजी-४, म्हणजे चित्र पाठवण्याच्या नव्या पद्धतीवर चालणारा घ्यावा. फ्री डिशवर सह्याद्री मिळते, पण खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने त्या बदलत राहतात, आणि सशुल्क मराठी मनोरंजन वाहिन्यांची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

टीव्हीच्या बिलात दोन भाग असतात : जाळ्याचे शुल्क, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी घेण्याचा हक्क आहे. पुढे २०२० मध्ये २०० वाहिन्यांसाठी एनसीएफ जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा ठरली होती, परंतु जुलै २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ती मर्यादा काढून टाकली. त्यामुळे आता हे शुल्क सेवादात्यानुसार वेगळे असू शकते आणि ते विचारल्याशिवाय दोन प्लॅनची तुलना होत नाही. तयार पॅकमध्ये आपण कधीच न पाहणाऱ्या वाहिन्या भरलेल्या असतात. घरात खरोखर लागणाऱ्या वाहिन्यांची यादी कागदावर काढली, तर ती दहा-बारांच्या पुढे क्वचितच जाते. ती यादी देऊन सुट्या वाहिन्यांचा हिशेब मागावा आणि मगच पॅक स्वस्त की महाग हे ठरवावे. दुसऱ्या टीव्हीसाठी वेगळे किती लागतील, हेही त्याच वेळी विचारावे.

एकत्रित प्लॅनमध्ये ओटीटी अ‍ॅप 'फुकट' मिळतात. ती कोणती, किती मुदतीसाठी, आणि टीव्हीवर चालणारी की फक्त मोबाईलपुरती, हे पाहिल्याशिवाय त्या फुकटाची किंमत ठरवू नये.

पैसे, कागद आणि पहिला दिवस

प्लॅनवर ५०० रुपये लिहिले असतील तर १८ टक्के करासह बिल ५९० रुपयांचे होते. सहा महिन्यांचे एकदम भरा म्हटले, तर ३,५४० रुपये आधी जातात आणि नंतर सेवा खराब निघाली की ते परत मिळवणे अवघड होते. नव्या चालकाला पहिल्यांदा एकाच महिन्याचे द्यावेत, मग लागेल तर सवलतीचा लांब प्लॅन घ्यावा. बसवण्याचे शुल्क, अनामत रक्कम, यंत्र कोणाच्या मालकीचे राहणार आणि कनेक्शन सोडल्यावर अनामत किती दिवसांत परत मिळणार, हे अर्जाच्या प्रतीवर लिहून घ्यावे. दारात येणाऱ्या पोऱ्याकडे रोख पैसे देऊन वहीत टिकमार्क घ्यायची पद्धत अजून बऱ्याच गल्ल्यांत आहे. तिथे भरणा झाल्याचा कंपनीचा एसएमएस किंवा जीएसटी क्रमांक असलेली पावती मिळाल्याशिवाय पैसे भरले असे समजू नये.

बसवण्याच्या दिवशी तंत्रज्ञाकडे पॉवर मीटर असतो. घरात आलेला प्रकाश किती आहे, तो आकडा त्याला दाखवायला सांगावा. हा आकडा उणे असतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककाच्या) दरम्यान असेल तर ठीक, उणे २७ च्या आसपास असेल तर लाइन काठावर आहे आणि थोडा जोड सैल झाला तरी बंद पडेल. तसा आकडा आला तर जोड पुन्हा करून मागावा. वेग मोजताना लॅपटॉप लॅन केबलने थेट यंत्राला जोडून मोजावा आणि रात्री पुन्हा एकदा मोजावा. यंत्रावरच्या दिव्यांची ओळखही त्याच वेळी करून घ्यावी : पीओएनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन चालू आहे, एलओएसचा दिवा लाल झाला तर प्रकाश घरापर्यंत येत नाही, म्हणजे वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. तक्रार करताना "नेट बंद आहे" म्हणण्याऐवजी "एलओएस लाल आहे" एवढे सांगितले, की राऊटर बंद करून चालू करण्याच्या सूचनांत वेळ जात नाही.

तक्रार चालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर करावी, परंतु तेवढ्यावर थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण पुढची सगळी दाद त्या क्रमांकावर उभी असते. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही. बरेच दिवस सेवा बंद राहिली तर तेवढ्या काळाची मासिक शुल्कातील सूट मागावी. ती न मागता क्वचितच मिळते.

जुने कनेक्शन नवे सुरू झाल्याच्या दिवशीच तोडू नये. दोन्ही थोडे दिवस बरोबर चालू द्यावीत आणि नव्याची रात्रीची आणि पावसाची एखादी परीक्षा झाल्यावर जुन्याला लेखी किंवा ईमेलने कळवावे. यंत्र, अडॅप्टर आणि रिमोट परत देताना त्यावरील अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी आणि बँकेतून आपोआप वळते होणारे पैसे त्याच दिवशी बंद करावेत.